धुरपाकाकीचा उघडा टाका

सुनंदाचा फोन आला तेव्हा माझ्यापुढं एक गिऱ्हाईक पैठणीचा पदर पसरून बसलं होतं आणि तिला हवं तसं मोरपंखी अस्तर मला सापडत नव्हतं. "ताई, काकी गेली सकाळी," सुनंदा म्हणाली. मी "बरं" म्हणाले. "माती दुपारी एकला हाय." मी पुन्हा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग तिसऱ्या फळीवरचं अस्तर काढलं, उजेडात नेऊन पदराला लावून दाखवलं, सव्वा मीटर कापलं, घडी घालून दिलं. त्यानंतर आणखी चार गिऱ्हाइकं झाली. रडू वगैरे काही आलं नाही. शटर ओढताना लक्षात आलं की एक कधीच वाजून गेला.

लोक म्हणतील, काय दगड बाई आहे. म्हणू देत. ज्या बाईबद्दल मी सांगतेय, तिच्याही डोळ्यात मी कधी पाणी बघितलं नाही, आणि ती काही दगड नव्हती. माझं मला माहीत नाही.

साताऱ्यात माझं मॅचिंगचं दुकान आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, मागच्या बाजूला पिकोचं मशीन. त्या दुकानाच्या पायरीवर धुरपाकाकी दर शनिवारी आणि अमावस्येला बसायची. लिंबू-मिरच्या, बिब्बे, काळे दोरे, कवड्या आणि स्वतः शिवलेल्या काळ्या बाहुल्या, असा तिचा माल. बसू का, असं तिनं मला विचारलंच नव्हतं. एका शनिवारी मी दुकान उघडायला गेले तर ही बया पोतं अंथरून बसलेली.

"अहो बाई, इथं दुकान आहे," मी म्हणाले.

"दिसतंय की. म्हणूनच बसली," ती म्हणाली. "बायका आत जात्यात, बाप्ये भाईर हुबं ऱ्हात्यात. ह्यो माल बाप्येच घेत्यात."

आणि खरंच होतं ते. बायको आत तासभर जांभळ्या रंगाच्या सात छटा बघायची आणि नवरा पायरीवर कंटाळून शेवटी गाडीला बांधायला बाहुली घ्यायचा. कारखान्यातला इंजिनियर असो नाहीतर पेन्शनीतला सुभेदार. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे, बसू दे. पहिल्या दिवशी मी चहा पाठवला तर तिनं पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला, आमच्या कपातला चहा त्यात ओतून घेतला आणि कप दुकानातल्या मुलीच्या हातात कोरडा करून परत दिला. पाण्याची बाटली तिची, भाकरी तिची, आणि जेवायची भिंतीकडं तोंड करून. आपल्या डब्यातलं कधी कुणाला "घे गं" म्हणायची नाही. सुरुवातीला मला वाटलं, सोवळं पाळते की काय ही! आम्ही दुकानातल्या बायका तिची नक्कल करून हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचे, कारण मला नक्कल छान जमायची.

तिचा चेहरा हलायचा नाही. गिऱ्हाईक भांडो, हसो, फुकट मागो, तिचा आवाज एका पट्टीत. "धाकली बहीण वारली काल," हे तिनं मला ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात पुढं "आज मिरची तिखट न्हाई मिळाली" म्हणाली.

मला चेष्टेची सवय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी पायरीवर येऊन उभी राहायची. "काकी, सांगा बघू, लिंबूच का? संत्रं का नको?"

"लिंबाला बघितल्यावं तोंडाला पाणी सुटतंय," ती दोरा ओवत म्हणाली. "वाईट बघणाऱ्याचं ध्यान त्याच्या त्याच्या जिभंवर जातंय. तुझ्या दारावरनं उठतंय."

"आणि मिरची?"

"डोळ्याला झोंबती म्हणून. डोळ्यानंच लागती ना दिष्ट."

"बिब्बा?"

"उततो अंगावर. हात लावायला भ्या वाटावं म्हणून." मग माझ्या विचारायची वाट न बघता कोळशाचा खडा उचलून म्हणाली, "आन् ह्यो जळून झालेला हाय. ह्येला आनखी कोन काय जाळणार?"

मी म्हटलं, "मग बाहुली?"

त्यावर ती पुढचं लिंबू ओवायला लागली. बाहुलीबद्दल ती तुकड्यातुकड्यानं बोलायची. तिच्या बाहुलीला डोळे, नाक, तोंड काही नसायचं. सगळ्या बाजारात टिकल्या लावून डोळे केलेल्या, लाल जीभ काढलेल्या बाहुल्या मिळतात, हिच्या सपाट. मी म्हणायची, थोडं तोंड काढा की, खप वाढेल. "तोंड काढलं की ती कुनासारकी तरी दिसती," काकी म्हणायची. "मग ती मानूस झाली. मानसाला टांगत न्हाईत."

दुसरं म्हणजे, बाहुलीच्या पाठीत ती एक टाका शिवायचाच सोडायची. करंगळीचं नख जाईल एवढी फट. मी पिकोवाली बाई, माझ्या डोळ्याला ते खुपायचं. एकदा मी सुईदोरा घेऊन ती फट बंद करायला निघाले तर तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात मला लागलेला तेवढाच. "दिष्ट आत शिरती," ती म्हणाली, "तिला भाईर जायाला वाट नको का? सगळं बंद केल्यावं ती आतच बसंल, आन् ज्येच्या दाराला टांगलीया त्येच्याच मागं लागंल."

"तुमचा विश्वास आहे का हो यावर?"

"तुझा हाय व्हय अस्तरावर? लोकास्नी लागतंय. तू कापती, मी शिवती."

काळं कापड माझ्याकडचंच असायचं. पिकोचं कात्रण मी तिला पिशवी भरून द्यायची. एका वर्षी तर काळ्या पॉपलिनचा एक अख्खा तागा फसका आला. दुकानात काळा, पण उन्हात धरला की चक्क वांगी रंग. गिऱ्हाइकं परत आणून तोंडावर फेकायला लागली. मी वैतागून तो सगळा काकीच्या पोत्यावर टाकला. तिनं उन्हात धरून बघितला, म्हणाली, "चांगला हाय. काळं कुटं एवढं काळं आसतंय?" पुढची दोन वर्षं तिच्या सगळ्या बाहुल्या वांगी निघाल्या.

एक गोष्ट मी लोकांना रंगवून सांगायची. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शटरसमोर उतारा टाकलेला. द्रोणात दहीभात, वर गुलाल, टाचण्या खोचलेलं लिंबू. मी बी. कॉम., दुकानात येणाऱ्या बायकांना अंधश्रद्धेवर भाषण देणारी. पण माझा पाय काही पुढं पडेना! समोरच्या चपलेच्या दुकानाशी पाऊण तास उभी राहिले, कुणाचीतरी वाट बघतेय असं दाखवत. काकी आली. खाली बसली, द्रोण उचलून कुत्र्यापुढं ठेवला, टाचण्या उपसून कापडाला पुसून आपल्या पदराच्या टोकाला टोचून घेतल्या, आणि अर्ध्या लिंबानं माझ्याच दुकानातला देवापुढचा तांब्या घासून लख्ख केला. मी तिला म्हणाले, "काही होणार नाही ना?" तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. "हुईल की. चकाकंल."

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगत नसे. एक बाई आली होती, चांगल्या घरातली, नीटनेटकी इस्त्रीची साडी, शाळेत शिकवत असावी. दुकानात माझ्याकडं न येता सरळ पायरीशी वाकली आणि पर्समधून प्लास्टिकची पुडी काढली. आत लांब केस. "ती दुसरी, करणीची बाहुली करून द्या," म्हणाली, "सांगाल तेवढे देते." आपला नवरा जिच्याकडं जातो तिचे ते केस होते. काकीनं पुडी हातात घेतली, बराच वेळ बघितली.

"मेंदी लावलीया," ती म्हणाली. "कसं मिळालं तुला?"

"कंगव्यातले."

"म्हंजे तू तिच्या घरात गेली. कंगव्यापत्तूर गेली. मग तवा दोन मुस्काडात का न्हाई दिल्या?"

ती बाई जी रडायला लागली, ती थांबेचना. काकीनं पुडी तिच्या पर्समध्ये परत घातली, चेन लावली आणि मिरच्या ओवायला लागली. धीर दिला नाही, काही नाही. बाईचं रडून झालं, मग ती डोळे पुसून आत आली आणि माझ्याकडून पांढरं अस्तर घेऊन गेली.

मग तो व्हिडिओ आला.

माझं माहेर औंधकडचं. तिकडच्या एका गावाची ही गोष्ट, नाव सांगत नाही, तिथं अजून ती माणसं राहतात. माझ्या भावजयीनं मोबाईलवर पाठवला. एका घराच्या चुलीजवळ देवरशी बोट दाखवतोय, दोघं खणतायत, मातीतून काळी बाहुली निघते, तिच्या अंगभर टाचण्या. मग कुणीतरी ती बाहेर अंगणात उन्हात आणतं आणि कॅमेरा एका बाईच्या तोंडावर जातो. पस्तिशीची असेल. तोंड उघडं. ती सुनंदा. नवरा टेम्पोच्या अपघातात गेलेला, सासरच्या घरात एकटी राहत होती. दिराची म्हैस आटली, मग जावेचं पोटातलं गेलं, आणि आता चुलीपाशी बाहुली निघाली. गावानं सांगितलं होतं, येत्या अमावस्येच्या आत घर सोडायचं. घर रस्त्याला लागून होतं आणि दिराला तिथं रेडिमेड कपड्यांचं दुकान काढायचं होतं, हेही भावजयीनं खाली लिहिलं होतं. वर रडणारी दोन तोंडं टाकून.

मी पायरीवर जाऊन काकीला दाखवलं. करमणूक म्हणूनच दाखवलं, खोटं कशाला सांगू.

तिनं तीनदा बघितला. "ही माजी हाय," ती म्हणाली.

"कोण? सुनंदा?"

"बाहुली. उन्हात आल्यावं बघ." मी बघितलं. अंगणात आणल्याबरोबर बाहुली वांगी झाली होती. माझा तागा.

"करनीची बाहुली नव्या कापडाची करत न्हाईत," काकी बोलत होती. "ज्येच्यावं करायची त्येचं अंगावरचं कापड लागतंय. घामाचं. नव्या कापडात मानूस नसतंय. ह्या गड्याला एवढंबी ठावं न्हाई. दिष्टीची बाहुली नेली, टांगायचा फास कापला आन् टाचण्या टोचल्या." मग मोबाईल मला परत देत म्हणाली, "त्यो आलेला मला आठवतोय. लिंबू नको, मिरची नको, नुसती बाहुली दे म्हणला. नुसती बाहुली कोन नेत न्हाई."

मी म्हणाले, पोलिसांत कळवू, आता कायदा आहे, एका फोनचं काम. तिनं दोरा दातानं तोडला.

"कायदा यील. पर यीपत्तूर ती यष्टी स्टँडावं बसली आसंल बोचकं घिऊन. म्या बसलेली."

असं ती म्हणाली आणि मी पहिल्यांदा तिच्या शेजारी पोत्यावर बसले. तिचं सासर सांगलीकडं, आटपाडीच्या पलीकडं. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. थोरल्या जावेचा पोरगा ताप येऊन गेला. चुलीखाली बाहुली निघाली म्हणाले. नवरा तिथंच उभा होता, त्यानं तिचं बोचकं बांधून दिलं. पाठीमागून गावातल्या बायका तिच्या हातचं पाणी कुणी कुणी प्यालं होतं ते आठवून ओकाऱ्या काढत होत्या. हे सगळं तिनं त्याच पट्टीत सांगितलं.

"ती बाहुली म्या कवा बघितलीच न्हाई," ती म्हणाली. "दावलीच न्हाई मला. बघितली आसती तर टाका कुनाचा त्ये कळलं आसतं. आमच्या वाडीत शिवनारी मानसं दोनच हुती."

"आणि मग हाच धंदा का केलात काकी?"

"नाव पडलंच हुतं की. म्हनलं, मग नावाचं काम तरी करू."

तिचा तो वेगळा पेला, भिंतीकडं तोंड, कुणाला घास न देणं, सगळं मला तेव्हा कळलं. कुणी नको म्हणायच्या आधी तीच कुणाला देत नव्हती. मला माझी नक्कल आठवली आणि मी मोबाईलमध्ये उगीच काहीतरी बघत बसले.

दोन दिवसांनी आम्ही गेलो. सकाळची एसटी, फाट्यावर उतरून पुढं अर्धा तास पायी. काकीच्या पिशवीत पाच बाहुल्या, माझ्या पिशवीत काकीकडं त्या ताग्यातलं उरलेलं हातभर कापड. देवळाच्या मंडपात माणसं जमली होती. पोलीस पाटील म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले एक म्हातारे, कडक मिशा. सुनंदा खांबाच्या मागं बसलेली. दीर पुढंच होता, नवा शर्ट, घडीच्या रेघा दिसत होत्या.

"आवं पाटील, ती बाहुली दावा मला," काकी म्हणाली.

"तुमी कोन?"

"म्या शिवलीय ती."

एकदम गलका झाला. कुणी ओरडलं, हीच ती करणीवाली, हिनंच दिली सुनंदाला. दोन बायका मागं सरकल्या. एकानं काकीच्या अंगावर चप्पल उगारली. मी पुढं व्हायला हवं होतं, पण माझे पाय, तेच ते, उतारा दिसल्यावर होतात तसे झाले. काकी हलली नाही. पाटलांनी हात वर केला. "खामोश! बाई, सबूत काय? फालतू बात नको."

तिनं पाच बाहुल्या ओळीनं मांडल्या आणि ती मातकट सहावी त्यांच्या शेजारी ठेवली. सगळ्या पालथ्या केल्या. सहाही पाठींत एक टाका उघडा. मग म्हणाली, मंगल, कापड दे. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी कापड काढलं, हा माल माझ्या दुकानातला आहे, फसका निघाला म्हणून मी यांना दिला, दुसरीकडं कुठं मिळणार नाही, असं म्हणाले. पाटलांनी कापड आणि बाहुली दोन्ही उन्हात नेऊन बघितली.

"बाजारात आशा ढीगभर मिळत्यात," दीर म्हणाला. "वैनीनंच आनली आसंल तुज्याकडनं."

"बाईमानूस माज्याकडनं बाहुली नेत न्हाई. अकरा वर्सांत एक न्हाई," काकी म्हणाली. "तू नेली. लिंबू नको म्हणला. हातात शर्टाची पिशवी हुती, पिशवीवं दुकानाचं नाव हुतं, सांगू?" आणि बाहुलीतली एक टाचणी उपसून तिनं वर धरली. बारीक, आखूड, डोक्याला मणी नसलेली. "ही दुकानात इकत मिळत न्हाई. नव्या शर्टाच्या घडीत आसती. पाटील, ह्येच्या घरी नवं शर्ट किती हायती बघा, आन् किती शर्टांच्या घड्या सुट्या हायती तेबी."

मागच्या बाजूला एक पोरगं फिसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. दीर आपल्या नव्या शर्टाकडं बघायला लागला आणि त्याचं ते बघणंच सगळ्यांनी बघितलं. देवरशी कधी उठून गेला कळलंच नाही. पाटील म्हणाले, केस तर होणारच, आणि पोरगी आपल्या घरात राहील, तिला कुणी हात लावायचा नाही.

मी एसटीत किती बोलले असेन! काकी, काय जिरवली, काय तोंड झालं त्याचं, हे सगळं साताऱ्यात सांगते की नाही बघा. ती खिडकीतून बाहेर बघत होती. रहिमतपूर गेल्यावर म्हणाली, "घर ऱ्हायलं."

"मग! तेच तर."

"घरच ऱ्हायलं," ती म्हणाली.

महिन्याभरात ते मलाही समजलं. सुनंदाच्या अंगणात कुणी पाय ठेवत नव्हतं. बाहुली खोटी होती हे सगळ्यांना मान्य होतं, पण उगीच कशाला, असं होतं. गिरणीवाला तिचं दळण शेवटी टाकायचा आणि मग जातं धुवायचा. हळदीकुंकवाला बोलावणं नाही. तिनं कुणाला लाडू नेऊन दिले तर ताट तसंच झाकून परत. दुसरीकडं काकीचा धंदाही बसला. पोलिसात गेलेली बाहुली नको म्हणून पायरीवरच्या गिऱ्हाइकांनी माल घेणं बंद केलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती दर बुधवारी सुनंदाच्या गावी जायला लागली. मी विचारलं, तिथं काय करता दिवसभर?

"जेवती," ती म्हणाली. "पडवीत बसून. रस्त्यावनं दिसतंय."

पाच-सहा महिने असे गेले. एक दिवस म्हणाली, "मंगल, तू ये एकदा. तू दुकानवाली, शिकलेली. तू तिथं जेवलेली गावानं बघितली तर फरक पडंल. माझं काय, मी तसलीच." अकरा वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणाले, अहो त्यात काय, येते की! माझं दुकान बुधवारी बंदच असतं. मी हिरवी साडी नेसून गेले.

तिला मी शेवटची पाहिली ती त्या बुधवारी. त्यानंतर ती पायरीवर आली नाही, तिकडंच राहिली, आणि मीही परत गेले नाही.

सुनंदानं पडवी सारवली होती. तीन पाट मांडले होते. बाजरीची भाकरी, घेवड्याची आमटी, खर्डा, आणि माझ्यासाठी म्हणून मुद्दाम गव्हाची खीर. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं. रस्त्यावरून माणसं जाता-येता मान वळवून बघत होती. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं, नखात थोडं काळं, चुलीचं असेल. मी भाकरीला हात लावला. मला सगळं माहीत होतं. कापड माझं होतं, बाहुली काकीनं शिवलेली, टाचण्या शर्टाच्या. मीच तर उभी राहून सांगितलं होतं. तरी घास काही मोडेना. मला त्या ओकाऱ्या काढणाऱ्या बायका आठवल्या.

"माझा आज उपास आहे," मी म्हणाले.

"आगं बाई! आदी सांगायचं न्हाई व्हय ताई," सुनंदा लगबगीनं उठली. "शाबू हाय घरात, इतक्यात खिचडी टाकती. धा मिंटं."

"नको, नको, माझा कडक असतो."

ती तशीच उभी राहिली, हातात पळी. काय कळायचं ते तिला कळलं. तिचा चेहरा बघायचा नाही म्हणून मी ताटातल्या खिरीकडं बघत बसले. मला स्वतःचा राग यायला हवा होता, लाज तरी वाटायला हवी होती. काही वाटलं नाही. नुसतं बधिर झालं होतं सगळं, दात काढताना इंजेक्शन दिल्यावर होतं तसं.

"नको टाकू खिचडी," काकी म्हणाली. "तिचा उपास खिचडीनं सुटायचा न्हाई. बस तू."

तिनं आपलं ताट संपवलं. मग माझं ताट स्वतःकडं ओढलं, आणि सावकाश, एक-एक घास करत, भाकरी, आमटी, खीर, सगळं खाल्लं. सत्तरीची बाई, तिला जात नव्हतं, दिसत होतं मला. मध्ये एकदा थांबली, पाणी प्याली आणि पुन्हा खायला लागली. ताट बोटानं निपटून स्वच्छ केलं. मग दोन्ही रिकामी ताटं एकावर एक ठेवून सुनंदाला म्हणाली,

"कुनी इचारलं तर दोघी जेवल्या म्हून सांग."

रस्त्यावरून एक बाई डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन येत होती. काकीनं माझ्याकडं बघितलं. मी उठले, तांब्या घेऊन पडवीच्या कडेला गेले आणि त्या बाईला दिसेल असे हात धुतले.